वरची ओळ

बेंगळुरूच्या चिकपेटेत, साड्यांच्या घाऊक दुकानांवर, दुसऱ्या मजल्यावर एका मराठी करसल्लागाराची कचेरी होती. माणसं मोजकी, पण अशील पुष्कळ. खालच्या गल्लीतले कापडवाले, नगरतपेटेतले सोनार, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतले लेथवाले, सगळ्यांचे हिशेब इथं व्हायचे आणि सगळे टॅलीत. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर याच शहरातलं. १९८६ साली गोयंका पितापुत्रांनी ते सुरू केलं आणि देशभरच्या दुकानांतल्या चोपड्या हळूहळू त्यात जाऊन बसल्या. या कचेरीतला टॅलीचा सगळा डेटा एका सर्व्हरवर होता. सर्व्हर म्हणजे मोठं प्रकरण नव्हे. एस. पी. रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला एक उभा डबा, कोपऱ्यात, यूपीएसशेजारी. त्यात उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, होतं. टेबलांवरचे संगणक विंडोजचे. सकाळी ते चालू झाले की या डब्यातल्या फाइली उघडायच्या आणि काम सुरू व्हायचं.

कचेरीत रोजकीर्द लिहायला एक बाई होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. घराणं भावसार. बेंगळुरूच्या पेठांत भावसारांची वस्ती जुनी. घरात मराठी, दारात कन्नड, आणि आषाढीला विठ्ठलाच्या देवळात अख्खी गल्ली. अक्का मालकांच्या वडिलांच्या वेळेपासून इथं होत्या, त्यामुळे मालकांना त्या ‘अण्णा’ म्हणत आणि अण्णा त्यांचं ऐकत. लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांपासून टॅलीपर्यंतचा सगळा प्रवास त्यांनी पाहिला होता. तरी टेबलाच्या खणात एक वही अजून होती. कोण आलं, कोणते कागद आले, वीज कधी गेली, कधी आली, हे त्या वेळेसकट टिपत.

त्या वर्षी मालकांचा भाचा बेळगावहून आला होता. बीसीए झालेला, हुशार, कामाला वाघ. नोकरी मिळेपर्यंत मामांच्या कचेरीत बसायचा आणि सर्व्हर सांभाळायचा. २०२४ च्या जुलैच्या सुरुवातीला त्यानं बातमी वाचली, की ओपनएसएसएचमध्ये, म्हणजे सर्व्हरशी दुरून जोडून घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक मोठं भगदाड सापडलंय. क्वालिस या कंपनीनं १ जुलैला ते जाहीर केलं होतं आणि कचेरीतलं उबुंटू २२.०४ धोक्यातल्या आवृत्त्यांत होतं. त्यानं सर्व्हर पाहिला तर अपडेट कित्येक महिने झालेले नव्हते. डबा जोडून देणाऱ्यानं आपोआप होणारे अपडेट बंदच करून ठेवले होते, कारण मध्येच रीस्टार्ट मागतात म्हणून कुणीतरी कुरकुर केली होती. भाच्यानं ठरवलं, अपडेट करायचेच. हे त्यानं अगदी बरोबर ठरवलं, आणि पुढची सगळी गोष्ट वाचताना ते विसरू नये. दाराची कडी मोडली आहे असं कळल्यावर ती बदलायला उठणारा माणूस चुकीचा नसतो.

गुरुवारी, १८ जुलैला, त्यानं संध्याकाळी काम हातात घेतलं. आदल्या दिवशी आषाढी एकादशी झाली होती आणि अक्का द्वादशीचं पारणं करायला घरी होत्या. बाकीची मंडळीही लवकर गेली. भाच्यानं अपडेटची आज्ञा दिली. पडद्यावरून ओळी सरसर वर गेल्या, नवा कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, उतरला, आणि शेवटी सगळं थांबलं. खाली एक ओळ उरली: पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीनं एररचा एक हा आकडा परत दिला.

त्यानं तीच आज्ञा पुन्हा दिली. तीच ओळ. पुन्हा दिली. मग ती शेवटची ओळ जशीच्या तशी उचलून शोधली आणि उपायांचा ढीग समोर आला. हे करून पाहा, ते करून पाहा, हे पुसा, ते जबरदस्तीनं बसवा. ही ओळ अशी आहे की कुठल्याही कारणानं काहीही अडलं तरी शेवटी हीच येते. तिच्यावर शोधणं म्हणजे सगळ्यांच्या सगळ्या दुखण्यांची औषधं एका ताटात मागवणं. भाच्यानं त्यातली काही केली. एकामुळे सर्व्हर सुरू होताना जी यादी वाचतो ती नव्यानं लिहिली गेली आणि नव्या कर्नलचं नाव तिच्यात सर्वांत वर जाऊन बसलं. साडेआठ वाजून गेले होते. त्यानं रीस्टार्ट दिला आणि कुलूप लावून घरी गेला. सर्व्हरला पडदा जोडलेला नसायचा, त्यामुळे पुढं काय झालं ते कुणी पाहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी अक्का सगळ्यांआधी आल्या. टॅली उघडेना. त्यांनी वहीत लिहिलं: ९ वाजून १० मिनिटं, सर्व्हर बंद. मग भाच्याला फोन केला.

दुसऱ्या दिवशी वीस तारीख होती. जीएसटीचं ३बी विवरणपत्र महिन्याला भरणाऱ्यांना वीसच्या आत द्यावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये, आणि कर थकला तर वर्षाला अठरा टक्क्यांनी व्याज. एखाद्या लेथवाल्याला पन्नास रुपयांचं काही वाटणार नाही, पण आपल्या सल्लागारानं तारीख चुकवली याचं जरूर वाटतं. दहा वाजेपर्यंत भाच्यानं सर्व्हरला पडदा जोडला, दोन-तीनदा बटण दाबून पाहिलं. दर वेळी काळ्यावर पांढऱ्या ओळी यायच्या आणि थिजायच्या.

अकराच्या सुमाराला बातम्या येऊ लागल्या.

त्या दिवशीचं जग अनेकांच्या लक्षात असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांना एक छोटी फाइल पाठवली होती, भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी. ती पोचली तिथं संगणक निळा पडदा दाखवून कोसळला, उठला, पुन्हा कोसळला. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीनं फाइल मागे घेतली, पण तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख संगणक आडवे झाले होते. केंपेगौडा विमानतळाच्या टर्मिनल १ वर इंडिगो, आकासा, स्पाइसजेटचे काउंटर खोळंबले. देशात ठिकठिकाणी बोर्डिंग पास हातानं लिहून दिले जात होते. इंडिगोनं जवळपास दोनशे उड्डाणं रद्द केली.

पुढं ऑगस्टमध्ये कंपनीनं सविस्तर अहवाल दिला. नव्या नियमात एकवीस रकाने होते, आणि संगणकावर बसलेला प्रोग्राम वीसच रकान्यांची माहिती पुरवत होता. एकविसावा वाचायला गेला आणि जिथं जायचं नाही अशा जागी हात घातला. तपासणाऱ्या प्रोग्रामनंही ते पास केलं होतं, कारण तोही एकवीस आहेतच असं धरून चालला होता.

चिकपेटेतल्या कचेरीत मात्र त्या बातमीनं एक वेगळंच काम केलं. सगळ्यांचे चेहरे सैल झाले.

“बघ,” मालक भाच्याला म्हणाले, “उगाच सकाळपासून जीवाला लावून घेतलंस. अख्ख्या जगाचं बंद पडलंय. विमानं जमिनीवर आहेत. आपण कोण?”

भाच्यालाही हायसं वाटलं. सकाळपासून छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं. कुणी बाय-टू कॉफी मागवली. अशीलांचे फोन आले की एकच उत्तर: टीव्ही बघा, मायक्रोसॉफ्टचं बंद आहे. समोरचाही लगेच समजून घ्यायचा. मला या गोष्टीतला सर्वांत धोक्याचा क्षण हाच वाटतो. सर्व्हर बंद पडला तेव्हा निदान कुणीतरी त्याच्याकडे बघत होतं. बातमी आल्यावर बघणं थांबलं. सगळ्यांवर आलेलं संकट माणसाला आधार देतं हे खरं, पण त्या आधाराला टेकून आपण आपल्यासमोरची वस्तू तपासायची सोडून देतो.

दुपारपर्यंत फोनवर उपायही येऊन पोचला. सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमध्ये २९१ आकड्याची फाइल असेल ती पुसा, रीस्टार्ट करा. दुसऱ्या एकानं पाठवलं की नुसतं पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करत राहा, पंधरा वेळासुद्धा करावं लागेल. हा सल्ला खोटा नव्हता. क्लाउडवरच्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टनंच तसं सांगितलं होतं, कारण कोसळण्याआधीच्या काही क्षणांत नवी, नीट केलेली फाइल उतरून यायची शक्यता होती. भाचा सर्व्हरपाशी बसला आणि बटण दाबू लागला. दाबायचा, थांबायचा, काळा पडदा, पुन्हा दाबायचा. एस. पी. रोडवरच्या ओळखीच्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, “डिस्क गेली असेल. घेऊन ये. नवी टाकू, फॉरमॅट मारू, दोन तासांत देतो.” मालकांनी रिक्षा बोलवायला सांगितली.

अक्का उठून आल्या. हातात वही होती.

“अण्णा, डबा न्यायच्या आधी मला एक सांगा. जगाचं कधी बंद पडलं?”

“आज सकाळी. साडेनऊ-दहानंतर म्हणतायत.”

“आपलं नऊ दहाला बंद होतं. हे बघा, लिहिलंय. विमानतळाचं तेव्हा चालू होतं.”

मालक वहीकडे बघत राहिले.

“आणि,” अक्का म्हणाल्या, “टीव्हीवर सगळीकडे निळा पडदा दाखवतायत. आपला काळा आहे. माझ्या टेबलावरचा विंडोज चालतोय, तुमचा चालतोय, पोरांचे चालतायत. ज्यांचं बंद पडायला हवं ते चालू, आणि ज्यात विंडोज नाहीच ते बंद. हे कसं?”

भाच्यानं बटणावरचा हात काढला. त्याला हे सगळं ठाऊक होतं. लिनक्सवर विंडोजची फाइल काय करणार, हे त्यानं वर्गात दुसऱ्यांना शिकवलं असतं. क्राउडस्ट्राइकचं सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या घेतात, या कचेरीत ते कुणी बसवलंच नव्हतं, हेही त्याला माहीत होतं. माहिती त्याच्याकडे पुरेपूर होती. ती वापरायची वेळ बातमीनं हिरावून घेतली होती.

“अक्का, इथं कर्नल पॅनिक म्हणतंय. मूळ फाइल-सिस्टिम जोडता येत नाही म्हणतंय. म्हणून तो डिस्क गेली म्हणाला.”

“ते शेवटचं वाक्य झालं. ताळा जमला नाही की तू ताळेबंदाच्या बेरजेत खाडाखोड करतोस का रे? कीर्दीत मागं जातोस. पहिली चुकीची नोंद कुठली, ती शोधतोस. बैस इथं. काल काय काय केलंस ते क्रमानं सांग, मी लिहिते. कुणाला रागवायला नाही लिहीत. वेळ आठवेल तेवढी सांग.”

तो सांगत गेला. अपडेट दिला. शेवटी एरर आली. पुन्हा दिला. पुन्हा तीच. मग शोधून हे केलं, ते केलं. मग रीस्टार्ट.

अक्का लिहिता लिहिता थांबल्या. “एरर आल्यावर आणि रीस्टार्टच्या आधी, सर्व्हर चालू होता?”

“चालू होता की. मी त्याच्यावरच तर काम करत होतो.”

“टॅली उघडलं असतं?”

“उघडलं असतं.”

“म्हणजे बिघाड झाला होता तरी तो चालत होता. मग ते चालणारं कुठं गेलं?”

भाचा त्यांच्याकडे बघतच राहिला. प्रश्न इतका साधा होता की आजवर त्यानं तो स्वतःला विचारलाच नव्हता. रात्रीपर्यंत सर्व्हर जुन्या कर्नलवर चालत होता. नवा कर्नल अर्धवट बसला. जुना कुणी काढलेला नव्हता. तो डिस्कवर तसाच असणार. डिस्क गेली असती तर काळ्यावरच्या त्या ओळीसुद्धा दिसल्या नसत्या.

त्यानं बटण दाबलं आणि या वेळी लगेच एस्केपही दाबलं. यादी आली. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये गेला. तिथं तीन कर्नल होते, एकाखाली एक. त्यानं वरून दुसरा निवडला. ओळी सरसर वर गेल्या आणि लॉगिन विचारून पडदा स्थिर झाला.

मालकांनी रिक्षावाल्याला परत पाठवलं. त्यांना लगेच टॅली उघडायचं होतं, आणि त्यात काही गैर नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते. अक्कांनी एकच मागितलं: आधी डेटाची प्रत. भाच्यानं बाहेरची डिस्क लावून टॅलीचं फोल्डर उतरवलं. अक्का तेवढ्यावर थांबल्या नाहीत. ती डिस्क आपल्या संगणकाला लावून त्यांनी एका सोनाराचं खातं उघडलं, जूनची शेवटची नोंद पाहिली, रोख शिल्लक वहीशी ताडली. मग म्हणाल्या, आता कर काय ते. कितीतरी कचेऱ्यांत प्रती वर्षानुवर्षं घेतल्या जातात आणि एकदाही उघडून पाहिल्या जात नाहीत. गरज पडते त्या दिवशी कळतं, की प्रत रिकामी होती किंवा गेल्या दिवाळीनंतर घेतलीच नव्हती.

पोरं कामाला लागली. भाचा सर्व्हरपाशी बसून आदल्या रात्रीची नोंद वाचू लागला. अशा यंत्राला लाज नसते, ते काही लपवत नाही. उबुंटूच्या लॉगच्या फोल्डरात, अपडेट आणणाऱ्या एपीटीची दोन टिपणं असतात. एकात कुणी, कधी, कोणती आज्ञा दिली ते. दुसऱ्यात पॅकेजं बसवताना पडद्यावर जे जे आलं ते. पहिल्यात त्याची गुरुवारची संध्याकाळ उतरली होती, प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभाच्या आणि शेवटाच्या वेळेसकट. त्यानं दुसरं उघडलं आणि अक्कांनी सांगितलं तसं खालून वर गेला.  सर्वांत खाली, अमक्या पॅकेजावर प्रक्रिया करताना एरर. तिच्या वर, बसवल्यानंतर चालणारी एक स्क्रिप्ट अडली. तिच्या वर, इनिटरॅमएफएस तयार झाला नाही. आणि त्याच्याही वर, रात्री नजरेसमोरून वर सरकून गेलेली एक ओळ: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.

जागा नाही. एवढंच. यंत्रानं रात्रीच सांगितलं होतं, अगदी सोप्या शब्दांत.

“जागा नाही कशी?” मालक म्हणाले. “अर्धी डिस्क रिकामी आहे.”

डिस्क रिकामीच होती. पण सर्व्हर सुरू व्हायला लागणाऱ्या फाइली ‘बूट’ नावाच्या एका वेगळ्या कप्प्यात राहतात, आणि डबा जोडणाऱ्यानं तो कप्पा काही वर्षांपूर्वी जेमतेम चारशे एमबीचा केला होता. तेव्हा पुरेसा वाटला असेल. प्रत्येक कर्नलबरोबर एक इनिटरॅमएफएसची फाइल येते. सर्व्हर जागा होताना डिस्क ओळखायला, मूळ फाइल-सिस्टिम जोडायला लागणारं सामान तिच्यात असतं, आणि ती आता शंभर एमबीच्या पुढं गेली आहे. दोन कर्नल मावत होते. तिसरा आला, त्याचा मुख्य भाग बसला, आणि ही फाइल लिहिता लिहिता कप्पा भरला. म्हणून नवा कर्नल उठायचा, मूळ फाइल-सिस्टिम शोधायचा, ती जोडायला लागणारं सामान मिळायचं नाही, आणि तिथंच थिजायचा. डिस्क ठणठणीत होती.

आणि इथं भाच्याला दुसरी गोष्ट कळली, जी त्याला जास्त लागली. अपडेट अडला तिथंच तो थांबला असता, तर सर्व्हर बंद पडलाच नसता. अडलेल्या अपडेटनं सुरुवातीची यादी बदलली नव्हती. रीस्टार्ट झाला असता तरी तो जुन्यावरच उठला असता. नव्या, अर्धवट कर्नलला यादीत सर्वांत वर बसवलं ते त्यानं शोधून आणलेल्या उपायानं. ज्याला जागेचा प्रश्न होता त्याला त्यानं भलतंच औषध दिलं, आणि औषधानं दुखणं आणलं. त्यानं हे मामांना आपण होऊन सांगितलं. मालक काही बोलले नाहीत. रात्री एकटा बसून पोर कचेरीसाठीच झटत होतं, हे त्यांना दिसत होतं. शिवाय अकरा वाजता बातमी दाखवून त्याला बघायचं सोडायला आपणच लावलं, तेही आठवत असणार.

पुढचं काम थोडक्यात आटोपलं. सर्वांत आधी, आपण आता कोणत्या कर्नलवर चालतो आहोत ते पाहिलं, म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड पडणार नाही. सर्वांत जुना कर्नल पॅकेजाच्या आज्ञेनं रीतसर काढला; फाइली हातानं पुसल्या नाहीत, कारण तसं केलं की यंत्राच्या हिशेबात त्या असतात आणि जागेवर नसतात, आणि पुढचा अपडेट त्यावर अडखळतो. कप्प्यात जागा झाली. मग अर्धवट राहिलेलं काम पुरं करायची एकच आज्ञा दिली, आणि या वेळी सरसर जाणाऱ्या ओळी त्यानं पहिल्यापासून वाचल्या. नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल कप्प्यात आली आहे, तिचा आकार बाकीच्यांसारखाच आहे, हे डोळ्यांनी पाहिलं. अक्कांनी विचारलं, “आता रीस्टार्ट?” तो म्हणाला, “पोरांचं काम होऊ दे. सात वाजता.” ओपनएसएसएचचं भगदाड बुजलं की नाही तेही त्यानं तपासलं. ते बुजलं होतं, सगळं त्यासाठीच तर सुरू झालं होतं.

सात वाजता सर्व्हर नव्या कर्नलवर उठला. तोवर निम्मी विवरणपत्रं गेली होती. उरलेली शनिवारी दुपारपर्यंत गेली.

शुक्रवारी साडेसातला, सगळे निघायच्या बेतात असताना, खालच्या एका कापडवाल्याचा फोन आला. त्यांची मुलगी आउटर रिंग रोडवरच्या एका मोठ्या कंपनीत कामाला होती, घरून काम करायची. तिचा लॅपटॉप सकाळपासून बंद होता. मालक उत्साहानं म्हणाले, “अहो, ते जगाचं नाही, तुमचंच काहीतरी असेल. आमचंही तसंच निघालं. जागा बघा जागा!” आणि फोन भाच्याकडे दिला.

भाच्यानं फोन मुलीला द्यायला सांगितला.

“ताई, पडद्याचा रंग कोणता आहे?”

“निळा.”

“कधी बंद पडला?”

“दहाच्या आसपास. मीटिंग चालू होती.”

“पडद्यावर जे लिहिलंय ते सगळं वाचा. पहिल्या शब्दापासून. इंग्रजीत आहे तसंच.”

तिनं वाचलं. खाली, काय बिघडलं या ओळीत, सीएसएजंट डॉट सिस हे नाव होतं. ती क्राउडस्ट्राइकचीच फाइल.

“मामा,” त्यानं फोनवर हात ठेवून सांगितलं, “यांचं जगाचंच आहे.” मग तिला म्हणाला, “ताई, तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक उपाय आला असेल. तो बरोबर आहे, पण तुम्ही करू नका. तुमच्या कंपनीनं डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद केलेली असणार. सेफ मोडमध्ये जाताना ती अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागेल. ती तुमच्याकडे नसणार, कंपनीच्या आयटीकडे असते. पडद्याचा फोटो काढून त्यांना पाठवा, किल्ली मागा, आणि तोवर फॉरमॅट करतो म्हणणाऱ्या कुणाच्या हातात लॅपटॉप देऊ नका.”

“किती दिवस लागतील?”

“ते मला माहीत नाही. त्यांना प्रत्येक यंत्र एकेक करून हातानं दुरुस्त करायचंय. पण तुमचं काही गेलेलं नाही.”

सोमवारी तिची किल्ली आली. अठ्ठेचाळीस आकडे तिनं वाचायचे आणि वडिलांनी मागून तपासायचे, असं करत दुसऱ्या प्रयत्नात लॅपटॉप उघडला.

चिकपेटेतला बूटचा कप्पा अजून चारशे एमबीचाच होता. दोन कर्नलपुरता. भाच्यानं मामांना सांगितलं, की पुढचा कर्नल आला की पुन्हा हेच होणार, तेव्हा कप्पा मोठा करावा लागेल, आणि त्याला एक पूर्ण सुट्टीचा दिवस लागेल. १५ ऑगस्टला कचेरी बंद असते. त्या दिवशी सकाळी आठला तो आणि अक्का आले. त्यानं डेटाची प्रत घेतली, अक्कांनी ती उघडून सोनाराची शिल्लक ताडली, आणि त्यानं सर्व्हर बंद करायला बटणावर हात ठेवला.

“थांब,” अक्का म्हणाल्या, “वेळ लिहू दे.”